राजीखुशीची चिठ्ठी

देवाची उपकरणी चिंच लावून मोरीच्या कठड्यावर मांडलेली होती. निरांजन, घंटा आणि तांब्या घासून लखलखीत झाले होते. ताम्हण आणि समई अजून काळीच होती. नलिनीच्या हातांना मनगटापर्यंत चिंचेचा कोळ लागलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि तेवढ्यात दारात दादूकाका येऊन उभे राहिले.

दादूकाका म्हणजे तिच्या नवऱ्याचे, श्यामकांतचे, सख्खे चुलते. गिरणीतून रिटायर झालेले, गावच्या मुंबई मंडळातले सगळ्यात वयस्क. नलिनी नवऱ्याचं बोरिवलीचं घर सोडून चकाल्याला, काजूवाडीत भावाच्या खोलीत आली, त्याला दहा महिने होऊन गेले होते. फोर्टच्या कोर्टात तिचा घटस्फोटाचा अर्ज होता. सहा वर्षांची जया तिच्याजवळ होती. या दहा महिन्यांत सासरच्या माणसाने त्या उंबऱ्याकडे बघितलंही नव्हतं. आणि आता गणपती आठ दिवसांवर आले असताना हा म्हातारा टोपी हातात घेऊन उभा.

"या काका. पाणी देते."

"पाणी नको गो. मी भांडूक येवक नाय. एक मागणा घेऊन इलंय."

ते सतरंजीवर टेकले. नलिनी मोरीपाशीच उभी राहिली. खरं तर हात धुवायला हवे होते, पण सुचलं नाही.

"यंदा पाळी श्यामकांताची," दादूकाका म्हणाले.

एवढं बोलल्यावर पुढचं तिला सांगावं लागलं नाही. त्यांच्या घराण्याचा गणपती गावी एकच, मूळ घरात बसतो. चार भावांच्या चार घरांत पूजेची पाळी फिरते, चार वर्षांनी एकेकाच्या वाट्याला येते. ज्याची पाळी त्याने बायकोमुलांसकट मखराखाली बसायचं, ही तिथली रीत. मागच्या पाळीला नलिनी हिरवी साडी नेसून श्यामकांतशेजारी पाटावर बसली होती, दोन वर्षांची जया मांडीवर.

"तू येवचं नाय, ता माका म्हायत आसा. पण चेडू, जया तरी होया मां थय? मखराखाली एकटो बापूस बसलो तर लोक काय म्हणतले? आणि गणपती काय तुझ्या घोवाचो? घराण्याचो तो. तेच्यार कसलो गो राग?"

काकांनी थोडं थांबून, जमिनीकडे बघत, मोठा घाव घातला.

"आणि तुझो नवस? तो कोण फेडतलो?"

जया दोन वर्षांची असताना तिला गोवर आला होता. तीन दिवस डोळे उघडले नव्हते. तेव्हा नलिनीने त्याच गणपतीला बोलून ठेवलं होतं, पोर वाचू दे, सात वर्षांची होईपर्यंत दर साल तिच्या हातून एकवीस दुर्वांची जुडी वाहीन. पोर वाचली. दर साल जुडी वाहिली गेली. आता शेवटची दोन वर्षं उरली होती.

"सात दिवसांचो गणपती. नवव्या दिवशी मी स्वता चेडवाक तुझ्या दारात हाडून सोडतलंय. गणपतीची शपथ."

म्हातारा गळ्याला हात लावून बोलला. आणि नलिनीला त्याच क्षणी साळवेबाईंचं वाक्य आठवलं. आठवलं नसतं तर पुढचं सगळं सोसणं सोपं गेलं असतं.

*

साळवेबाई म्हणजे तिची वकील, रत्नप्रभा साळवे. तिच्यापर्यंत पोचायलाच नलिनीला दोन महिने लागले होते.

घर सोडण्याचं कारण लोकांना सांगताना नलिनीची पंचाईत व्हायची. श्यामकांत पीत नव्हता. बाहेरख्याली नव्हता. मारत नव्हता. संपात गिरणी सुटल्यावर तो हातावर हात ठेवून बसला नाही. चारकोपच्या एका वर्कशॉपात स्टोअरकीपर म्हणून लागला. मंडळाचा चिटणीस होता, इतिवृत्त त्याच्या गोल वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं. अशा माणसाचं काय वाईट सांगणार? झालं ते असं, की एकदा चैत्रात नलिनी शेजारणींबरोबर भजनाला गेली आणि यायला तासभर उशीर झाला. श्यामकांतने एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिने पाया पडून झालं, रडून झालं, भांडून झालं. मग तो जयाशी बोलू लागला.

"जया, आईला सांग, आमटीत मीठ कमी आहे."

नलिनी समोर वाढत असायची. जया मान वळवून म्हणायची, "आई, मीठ कमी आहे."

"आईला विचार, दुपारी खिडकीत कोणाशी बोलत होती."

चार-पाच वर्षांची पोर. बिचारी इकडून तिकडे निरोप वाहायची. पहिल्या पहिल्यांदा तिला तो खेळच वाटला. पुढे तिची जेवताना मान खाली जायला लागली.

दुसऱ्या वर्षीच्या श्रावणात त्याने बाहेरून कुलूप घालायला सुरुवात केली. सकाळी साडेसातला जाताना घालायचा, सहाला येऊन काढायचा. मायलेकी आत. नवरात्रात, ललितापंचमीच्या दिवशी, जयाला ताप भरला आणि वांत्या सुरू झाल्या. नलिनी खिडकीच्या गजांतून ओरडली. शेजाऱ्याने पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणून कुलूप फोडलं. नलिनीने पोरीला खांद्यावर घेतलं आणि अंगावरच्या साडीनिशी ती जी निघाली, ती परत गेली नाही.

भाऊ, धोंडू, मनाचा वाईट नव्हता. पण मंडळाचा माणूस. त्याने तिला आधी नेलं ते चंद्रप्रकाश वकिलाकडे, कारण तो आपल्या गावचा. चंद्रप्रकाशने चहा मागवला.

"काय गं नलिनी, कोर्टाची पायरी कशाला चढतेस? श्यामकांत सरळ माणूस आहे. बोलत नाही म्हणतेस. अगं, आमची बोलते म्हणून आम्ही वैतागलोय!"

धोंडू हसला. नलिनी हसली नाही. दुसऱ्याच दिवशी श्यामकांतचा निरोप धोंडूकडे आला, वकिलाच्या ऑफिसात नलिनी काय काय बोलली त्याच्या यादीसकट. गावचा वकील गावातल्या दोघांचाही होता, एवढंच त्यातून कळलं.

मग ती एमआयडीसीत गोळ्यांची पाकिटं भरायच्या कामाला लागली. तिथे तिच्या टेबलावर राधा नावाची बाई होती. डबा खाताना राधा म्हणाली, "माझ्या बहिणीची पोटगी साळवेबाईंनी मिळवून दिली. अंधेरी कोर्टासमोर बसतात. उगाच गोड बोलत नाहीत बघ, पण काम करतात."

साळवेबाईंचं ऑफिस टायपिंगच्या क्लासवर होतं. खालून सतत यंत्रांचा खडखडाट. नलिनी आत शिरली तशी तिची नजर सवयीने भिंतीवर गेली. देवाची तसबीर नव्हती. बाबासाहेबांची होती, आणि खाली टेबलावर बुद्धाची वीतभर मूर्ती. नलिनीने हात जोडायचे की नाही या घोळात पदर सारखा केला. बाई पस्तिशीची असेल. पांढरी साडी, काळा कोट खुर्चीच्या पाठीवर, कपाळ मोकळं.

"फीचं मागाहून बघू. आधी तारखा सांगा. बोलणं कधी बंद झालं?"

"रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी."

"इंग्रजी तारीख?"

"ती नाही आठवत. तिथी आठवते."

"कुलूप?"

"मागच्या श्रावणात. पहिल्या सोमवारी. मला शंकराला जायचं होतं, म्हणून लक्षात आहे."

साळवेबाईंनी पेन खाली ठेवलं. क्षणभर नलिनीला वाटलं, आता ही हाकलणार. बाई उठल्या, खालच्या क्लासमधून तिथीचं कॅलेंडर मागवलं, मागच्या वर्षाचं कोणाकडून तरी पैदा केलं, आणि दोन तास बसून नलिनीच्या एकादशा, संकष्ट्या, अमावास्या एकेक करून इंग्रजी तारखांत उतरवून घेतल्या. कपाळावर आठी नाही की थट्टा नाही. शेवटी म्हणाल्या, "तुमची स्मरणशक्ती कोर्टात उपयोगी पडेल. बोलत नाही हा छळ आहे हे जज्जला पटवणं कठीण. कुलूप सोपं. ते फोडणारे शेजारी साक्षीला येतील?"

"येतील."

"नोटीस लागूनही ते हजर राहिले नाहीत, तर निकाल एकतर्फी होऊ शकतो. म्हणजे एकाच बाजूचं ऐकून. पण ते येतील. असे लोक येतात." मग बाईंनी कागद बाजूला सारले. "आता नीट ऐका. मूल पाच वर्षांच्या आत असेल तर कायदा आईकडे झुकतो. जयाला पाच पुरी झालीत. आता कोर्ट बघणार, मूल कुठे रुळलंय. आज ती तुमच्याजवळ रुळलीय. शाळा तुमच्याजवळ, डॉक्टर तुमच्याजवळ. आपल्या हातात आहे ते एवढंच. म्हणून तिला कुठे पाठवायचं नाही. एका दिवसासाठीसुद्धा नाही. तशी वेळ आलीच तर आधी मला येऊन सांगायचं."

"हो बाई."

घरी आल्यावर वहिनीने, लताने, विचारलं, "काय वन्सं, आपल्यातला कोणी मिळाला नाही का? साळवे म्हणजे..."

"वकील म्हणजे वकील," नलिनी म्हणाली खरी. पण मनाच्या तळाशी तिलाही काही टोचत होतं, आणि ते टोचणं तिने उपटून टाकलं नाही.

*

तर हे सगळं ठाऊक असताना, चिंचेचे हात घेऊन ती दादूकाकांसमोर उभी होती.

बाईंना जाऊन सांगावं? अंधेरी काही लांब नव्हती. बसने पंधरा मिनिटं. पण सांगणार काय? ज्या घरात गणपती बसत नाही, तिथे जाऊन पाळी म्हणजे काय, नवस म्हणजे काय, हे कसं उलगडायचं? ती 'नाही' म्हणणार. तिला काय, तिच्या देवाचं कुठे काही राहिलंय. असंच, अगदी याच शब्दांत नलिनीच्या मनात आलं. पुढे कितीतरी दिवस ते शब्द तिला स्वतःच्या तोंडाला लागलेल्या घाणीसारखे आठवत राहिले.

"नवव्या दिवशी, काका?"

"नवव्या दिवशी. शपथ घेतलंय मां?" मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "एक चार ओळी तेवढ्यो दी गो. एसटीत इचारतत, चेडू कोणाचा म्हणान. हल्ली पोरां पळवतत. ह्या कागदावर मजकूर आसा, तसोच उतरून काढ, तुझ्या अक्षरात."

नलिनीने हात पुसले. कागद उघडला. अक्षर गोल, वळणदार होतं. तिने ते लगेच ओळखलं. *माझी मुलगी जया हिला मी माझ्या राजीखुशीने तिच्या वडिलांच्या घरी, गावी पाठवीत आहे. त्यास माझी कोणतीही हरकत नाही.* खाली सहीची जागा सोडलेली.

दोन वर्षांत नवऱ्याने तिला उद्देशून काढलेले ते पहिले शब्द होते, आणि तेही तिनेच लिहायचे होते.

त्यात परत आणण्याबद्दल अक्षर नव्हतं. तिला ते दिसलं नाही असं नाही. पण तो शब्द दादूकाकांनी तोंडाने दिला होता, गणपतीला मध्ये ठेवून. तो पुन्हा कागदावर मागायचा म्हणजे देवावर अविश्वास दाखवायचा. तिने जयाच्या शाळेच्या वहीतलं पान फाडलं आणि चिठ्ठी लिहून दिली. ताम्हण आणि समई त्या दिवशी घासायची राहूनच गेली.

जाताना जयाने नवा परकर-पोलका घातला होता. नलिनीने तिच्या पिशवीत कपडे भरले, वर शेवेचा लाडू ठेवला आणि बजावलं, "एकवीस मोजून घे हं. वीस नाही, बावीस नाही."

"मला येतं मोजायला," जया म्हणाली.

*

नवव्या दिवशी नलिनीने कामावर सुट्टी टाकली. दिवसभर दार उघडं ठेवलं. दहाव्या दिवशी तिने एसटीचा उशीर म्हणून मनाची समजूत घातली. बाराव्या दिवशी धोंडू मंडळाच्या खोलीवर जाऊन आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "नलू, गावावरून सगळे परत आलेत. श्यामकांत पण आलाय. एकटाच."

अठराव्या दिवशी दादूकाकांचं अंतर्देशीय पत्र आलं. म्हाताऱ्याने कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, पण बोलणं त्याचंच होतं. जयाची आजी, नलिनीची सासू रुक्मिणी, पोरीला सोडायला तयार नव्हती. श्यामकांतने गावच्या शाळेत नाव घातलं होतं. 'घेतलेली शपथ माका जड झाली. म्हणान मी ग्रामदेवाक कौल लावलंय. देवान उजवो कौल दिलो. चेडू हयच रवांदे, अशी देवाची मर्जी. आता माझ्यावर शब्द नाय.'

कौल म्हणजे काय ते नलिनीला कोणी समजावायला नको होतं. देवाच्या अंगावर फुलं लावतात, गुरव गाऱ्हाणं घालतो, उजवीकडचं फूल आधी पडलं की देव हो म्हणाला. लहानपणापासून तिने ते पाहिलं होतं, मानलं होतं. तिचं स्वतःचं लग्नही असाच कौल घेऊन ठरलं होतं. पत्र हातात धरून ती किती तरी वेळ भिंतीला टेकून बसली. लता वहिनी म्हणाली, "देवाचंच आलं म्हटल्यावर काय बोलायचं, वन्सं?"

ती आणि धोंडू गावी जाऊन आले. घराला कडी होती. सासू पोरीला घेऊन माहेरगावी गेली होती. कुठल्या वाडीला, ते पाणंदीत भेटलेल्या एकाही माणसाला माहीत नव्हतं. ज्या बायका मागच्या साली नलिनीबरोबर फुगड्या घालत होत्या, त्या तिला बघून घरात शिरल्या.

त्यानंतर ती साळवेबाईंकडे गेली. महिन्याहून जास्त उशीर झाला होता. नलिनीने पत्र टेबलावर ठेवलं, चिठ्ठीचंही सांगितलं. बाईंनी पत्र दोनदा वाचलं. खाली टायपिंगचा खडखडाट चालू होता.

"मला का नाही सांगितलंस?" बाई आजवर तिला अहो-जाहो करत होत्या. ते सुटलं.

नलिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बोल ना. का नाही सांगितलंस?"

"वाटलं, तुम्हाला... तुमच्यात गणपती..."

"हं." साळवेबाई खुर्चीत मागे रेलल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. कंटाळा होता, जुना, पाठ झालेला. "मी गणपती बसवत नाही, खरंय. म्हणून मला कळत नाही, असं वाटलं तुला. अगं, तुझ्या तिथ्या मी तारखांत लिहून घेतल्या तेव्हा कळत होतं का मला?"

"चुकलं बाई."

"तू सांगितलं असतंस ना, तर मी नको म्हटलं नसतं. ऐक हे. नको म्हटलं नसतं मी. कोर्टात एक अर्ज केला असता, दोन ओळींचा. सणासाठी मुलीला दहा दिवस वडिलांकडे पाठवतो, अमुक तारखेला परत आणून देण्याची हमी. जज्जने हसत सही केली असती. तुझा नवस फिटला असता आणि पोरगी दहाव्या दिवशी तुझ्या घरात असती. नसती आणली, तर पोलीस घेऊन गेले असते आपण."

नलिनीने मान वर केली नाही. एवढा सोपा रस्ता होता, पंधरा मिनिटांच्या बसचा, आणि तो तिने स्वतःच्या हाताने बंद केला होता. नवरा तर दाराला बाहेरून कुलूप घालत होता. हे तिने आतून घातलं होतं.

"आता?" तिने विचारलं.

"आता अर्ज करू. ते तारखा मागतील, कोर्ट देईल. मध्ये दिवाळीची सुट्टी. तोवर पोरगी तिथे रुळेल. त्यांना तेवढंच हवंय." बाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते शब्दन् शब्द सांगा." त्या पुन्हा अहो-जाहोवर आल्या होत्या. नलिनीला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

*

सुनावणी जानेवारीत लागली. फोर्टच्या कोर्टाच्या वऱ्हांड्यात बाकावर श्यामकांत बसला होता, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. शेजारी दादूकाका. मधे जया.

जयाच्या केसांना चपचपीत तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या, लाल रिबिनी. उन्हाने रापली होती. जरा भरली होती. नलिनीला आधी बरंच वाटलं, पोर खाऊन-पिऊन आहे. ती धावत गेली आणि तिच्यासमोर खाली बसली.

"जया. बाळा. ओळखलंस ना?"

जयाने बापाकडे बघितलं. श्यामकांत समोरच्या भिंतीकडे बघत होता. मग जयाने मान वळवली आणि नलिनीच्या मागे उभ्या असलेल्या साळवेबाईंना, मुळीच ओळख नसलेल्या बाईला, हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाली:

"त्यांना सांगा, मी आजीकडे बरी आहे."

नलिनीचे हात पोरीच्या गुडघ्यांवर होते ते तिथेच राहिले. दीड-दोन वर्षं या मुलीने निरोप वाहिले होते. काम तिला चांगलं येत होतं. फक्त आता तिचा स्वतःचाच निरोप होता, आणि वाहायला दुसरं माणूस तिने शोधलं होतं.

साळवेबाई खाली वाकल्या. "तूच सांग ना तिला, बेटा. ती ही काय समोर आहे."

जया मान हलवून नको म्हणाली. आणि मग, बापाला ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात, पुन्हा बाईंनाच: "त्यांना सांगा, एकवीसच होत्या."

तेवढ्यात पुकारा झाला.

आतलं सगळं पाव तासात आटोपलं. पलीकडच्या वकिलाने चिठ्ठी वाचून दाखवली. 'राजीखुशीने' हा शब्द त्याने दोनदा वाचला. आईला नोकरी, भावाच्या एका खोलीत सहा माणसं, तिने आपण होऊन मुलीला गावी पाठवलं, मुलगी शाळेत जाते, आजी सांभाळते. अक्षर तुमचंच ना? हो. सही तुमचीच ना? हो. मजकूर नवऱ्याच्या अक्षरातून उतरवला, असं नलिनीने सांगितलं. तो मूळ कागद कुठे आहे? काकांनी नेला. साळवेबाईंनी शपथेचं सांगितलं, पत्र दाखवलं. जज्जसाहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, पुसला. मग जयाला आपल्या खोलीत बोलावून घेतलं. पाच मिनिटांनी ती बाहेर आली ती सरळ बाकावर जाऊन बसली. काय विचारलं, काय बोलली, कोणाला कळलं नाही.

हुकूम झाला. शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुलगी आहे तिथेच राहील. मध्येच शाळा मोडू नये. पुढचा विचार एप्रिलच्या तारखेला.

बाहेर आल्यावर दादूकाका जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. नलिनी त्यांच्यासमोर गेली.

"काका, शपथ घेतली होतीत."

"गो, देवान कौल दिलो. माझ्या हातात काय रवला?" म्हातारा खरंच तसं मानत होता. त्याचे डोळे स्वच्छ होते, त्याला झोप येत होती, अन्न गोड लागत होतं.

"कौल लावलात तेव्हा मला बोलावलंत? माझं गाऱ्हाणं कोणी घातलं देवापुढे?"

"तू नाय होतंस थय."

"मग एकतर्फी झाला तो," नलिनी म्हणाली.

दादूकाकांना शब्द कळला नाही. श्यामकांतला कळला. त्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं, आणि जयाचा हात धरून तिला म्हणाला, "जया, चल. आईला सांग, आम्हाला गाडी आहे."

जयाने काही सांगितलं नाही. पायरी उतरताना ती एकदा अडखळली, तेवढंच.

साळवेबाई कोट काढून हातावर घेत होत्या. "ऐका. रडायचं घरी जाऊन. गावच्या शाळेने तिला घेतलं ते इथला शाळा सोडल्याचा दाखला न बघताच घेतलं, कारण तो तुम्ही काढलेलाच नाही. म्हणजे चकाल्याच्या शाळेत तिचं नाव अजून पटावर असलं पाहिजे. गैरहजर म्हणून कमी केलं नसेल तर. ते लेखी पाहिजे मला. एप्रिलच्या आधी नाही, उद्या."

"मिळेल?"

"गेल्याशिवाय कसं कळणार?" बाई निघाल्या, दोन पावलं जाऊन थांबल्या. "एकवीस काय होत्या?"

"दुर्वा," नलिनी म्हणाली. आणि या खेपेला तिने सगळं सांगितलं, गोवरापासून, तिथल्या तिथे, जिन्यावर उभं राहून. साळवेबाईंनी ऐकून घेतलं. घड्याळाकडेही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. नलिनीने उपास चुकवला नाही. तिच्याने ते झालंच नसतं. पहाटे उठून उपकरणी घासली, ताम्हणसुद्धा, समईसुद्धा. दिवा लावला. हात जोडून उभी राहिली, पण मागितलं काहीच नाही. मागायचं तेव्हा एकदा मागितलं होतं, आणि देवाने ते दिलंही होतं. पोर जिवंत होती. पुढचं त्याच्या नावावर माणसांनी केलं, आणि त्या माणसांत ती स्वतःही होती.

लता वहिनीने चहा पुढे केला. "आज तरी कामावर जाणार ना, वन्सं? रजा किती झाल्या."

"अर्धा दिवस जाईन," नलिनी म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या. साडेदहाच्या आत शाळेत पोचून हेडबाईंकडून जयाचं नाव पटावर असल्याचा दाखला घ्यायचा होता.